वाचकांचे प्रश्न : राजाला तोंडावर 'नाही' म्हणणारा झाँ द झ्वाँव्हिल

मागच्या अंकात फ्रान्सच्या नवव्या लुईबद्दल लिहिताना त्याच्या एका सोबत्याचं आणि सल्लागाराचं, झाँ द झ्वाँव्हिलचं, नाव ओघात येऊन गेलं, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. मला तर आनंदच झाला, कारण मध्ययुगातल्या फ्रान्समधली जी माणसं मनापासून आवडतात त्यात हा माणूस सगळ्यात वर आहे. बरेच प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : हा झ्वाँव्हिल नेमका कोण? सरदार, लेखक की मंत्री?

तिन्ही थोडं थोडं, पण आधी सरदार. म्हातारपणी त्याने लुईच्या आठवणींचं पुस्तक सांगून लिहून घेतलं, खालच्या बहुतेक गोष्टी त्यातल्याच. जन्म 1224-25 च्या सुमारास, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या शाँपेन प्रांतात, मार्न नदीकाठी झ्वाँव्हिल नावाचं गाव आहे तिथे. गावाच्या वर टेकडीवर घराण्याचा किल्ला. घराण्याकडे 'शाँपेनचा सेनेशल' हे वंशपरंपरागत पद होतं, म्हणजे शाँपेनच्या काउंटच्या दरबारातला मानाचा कारभारी. आता हे लक्षात ठेवा की त्याचा धनी होता शाँपेनचा काउंट, फ्रान्सचा राजा नव्हे, हा मुद्दा पुढे फार कामाला येतो.

1248 साली लुईने सातव्या क्रूसेडसाठी, म्हणजे मुस्लीम सत्तांविरुद्धच्या ख्रिस्ती धर्मयुद्धासाठी, इजिप्तकडे कूच केलं तेव्हा हा जेमतेम चोविशीत होता, घरी दोन लहान मुलं, धाकटा तर निघायच्या तोंडावर जन्मलेला. ईस्टरच्या आठवड्यात घरी जेवणावळी झाल्या, गाणी झाली, आणि शुक्रवारी त्याने आपल्या सगळ्या माणसांना समोर बसवून सांगितलं की मी समुद्रापार चाललोय, परत येईन की नाही माहीत नाही, माझ्याकडून कुणावर अन्याय झाला असेल तर पुढे या, मी भरपाई करतो. आणि एवढं बोलून तो तिथून उठून बाहेर गेला, कारण आपण समोर बसलो तर लोक मोकळेपणाने बोलणार नाहीत हे त्याला कळत होतं, आणि मागे लोकांनी जे ठरवलं ते त्याने वाद न घालता मान्य केलं. जहागीरदाराने आपल्या रयतेसमोर असं करणं ही तेराव्या शतकात रोजची गोष्ट नव्हती.

पैशाची मात्र ओढाताण होती. आई हयात असल्यामुळे त्याच्या हाताखालच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला हजार लिव्रसुद्धा (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) नव्हतं, आणि सोबत नऊ नाइट घेऊन जायचे होते, मग काय, बरीचशी जमीन गहाण टाकली. निघताना अनवाणी, अंगात नुसता सदरा, असा आसपासच्या तीर्थक्षेत्रांना गेला, आणि तो स्वतः सांगतो की वाटेत झ्वाँव्हिलच्या दिशेने मी मान वळवूनही पाहिलं नाही, तो देखणा किल्ला आणि ती दोन पोरं मागे सोडताना काळीज विरघळेल म्हणून.

प्रश्न : तो राजाचा माणूस नव्हता तर राजाच्या इतका जवळ कसा गेला?

छान प्रश्न. निघण्याआधी लुईने पॅरिसला सगळ्या सरदारांना बोलावून शपथ घ्यायला लावली की माझं काही बरंवाईट झालं तर माझ्या मुलांशी इमान राखाल. झ्वाँव्हिलने शपथ घ्यायला नकार दिला. कारण साधं, मी तुमचा माणूस नाही, माझा धनी काउंट. म्हणजे ओळखीची सुरुवातच नकाराने झाली म्हणा ना.

मग सायप्रसला पोचल्यावर जहाजाचं भाडं देऊन त्याच्या हातात फक्त 240 लिव्र उरले होते, त्याचे काही नाइट म्हणायला लागले की पैशाची सोय कर नाहीतर आम्ही चाललो. हे लुईच्या कानावर गेलं, त्याने बोलावून घेतलं, 800 लिव्र दिले आणि चाकरीत ठेवलं. तिथून पुढे जवळपास सहा वर्षं दोघं बरोबर होते, लढाईत, कैदेत, आजारपणात.

सायप्रसवरून आठवलं, राजाच्या माणसांनी आधी दोन वर्षं तिथे धान्य-दारूचा साठा करून ठेवला होता, आणि झ्वाँव्हिल सांगतो की दारूची पिंपं एकावर एक रचलेली लांबून कोठारांसारखी दिसायची आणि उघड्यावर ठेवलेल्या गव्हाच्या राशी टेकड्यांसारख्या, पावसाने वरचा थर रुजून नुसता हिरवा झालेला, पण तो कोंभ आलेला थर बाजूला केला की आतला गहू कालच मळलाय असा ताजा. असले बारकावे त्याच्याकडे पानोपानी आहेत.

प्रश्न : इजिप्तमध्ये नक्की काय झालं? राजा कैद झाला हे खरं का?

खरंच झाला, आणि झ्वाँव्हिलही झाला. थोडक्यात सांगतो. जून 1249 मध्ये दमिएत्ता बंदर हाती आलं. तिथून सैन्य नाईलच्या काठाने आत सरकलं आणि 8 फेब्रुवारी 1250 ला मन्सूराला मोठी लढाई झाली. राजाचा भाऊ रॉबेर घाई करून गावात घुसला आणि सोबतच्या लोकांसकट मारला गेला. झ्वाँव्हिल त्या दिवशी एका ओढ्यावरचा छोटा पूल अडवून बसला होता, अंगाला पाच ठिकाणी बाण लागले आणि त्याच्या घोड्याला पंधरा ठिकाणी. शेजारी त्याचा मित्र, सुआसाँचा काउंट, आणि अशा त्या गदारोळात तो काउंट म्हणतो, सेनेशल, ओरडू दे यांना, आजच्या दिवसाच्या गोष्टी आपण अजून बायकांच्या दिवाणखान्यात सांगणार आहोत!

पण माझ्या मते झ्वाँव्हिलचं मोठेपण शौर्याच्या गोष्टींपेक्षा त्यानंतरच्या पानांमध्ये आहे. सैन्य छावणीत अडकलं, रसद तुटली, नदी प्रेतांनी भरली आणि खायला त्याच नदीतले मासे. लोकांच्या पायांचं मांस वाळायला लागलं, हिरड्या इतक्या सडून वाढल्या की न्हावी ते मेलेलं मांस कापून काढायचे तेव्हा कुठे घास चावता यायचा, आणि तो सांगतो की बाळंतपणात बायका कण्हतात तसं कण्हणं सगळ्या छावणीभर ऐकू यायचं. आज वाचणाऱ्याला कळतं की हा स्कर्व्ही, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, असणार. तो स्वतःही आजारी होता. त्याचा पाद्री त्याच्यासमोर प्रार्थना चालवताना चक्कर येऊन पडायला लागला, तर हा बिछान्यातून तसाच अनवाणी उठला, त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि म्हणाला सावकाश कर, मी सोडत नाही. त्याने प्रार्थना पूर्ण केली, आणि ती त्याची शेवटचीच ठरली.

एप्रिल 1250 मध्ये माघार घेताना सगळे पकडले गेले. खंडणी शेवटी 4,00,000 लिव्र ठरली, निम्मी लगेच, निम्मी नंतर, शिवाय दमिएत्ता परत.

प्रश्न : खंडणीसाठी त्याने टेम्पलरांच्या तिजोरीवर कुऱ्हाड उगारली असं वाचलं, ही दंतकथा आहे का?

नाही, ही त्याची स्वतःची हकिगत आहे. टेम्पलर म्हणजे शस्त्रं घेऊन लढणाऱ्या ख्रिस्ती साधूंचा पंथ. पहिला हप्ता मोजून द्यायचं काम दोन दिवस चाललं होतं, तराजूत तोलून, आणि शेवटी 30,000 लिव्र कमी पडले. तोवर राजाचा दुसरा भाऊ ओलीस होता. झ्वाँव्हिलने सुचवलं की टेम्पलरांकडून मागू. त्यांचा कमांडर म्हणाला की हे पैसे लोकांनी आमच्याकडे ठेवलेत, ज्याचे त्यालाच परत देऊ अशी शपथ आहे, देता येणार नाही. आता टेम्पलर खोटं बोलत नव्हते हेही खरं. पण त्यांच्याच मार्शलने वाट काढली, आम्ही देऊ शकत नाही, पण तुम्ही जबरदस्तीने नेलेत तर काय करणार, तुमचे पैसे आक्रला (पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं ख्रिस्ती लोकांच्या ताब्यातलं बंदर) आमच्याकडे आहेतच, तिथून वळते करून घेऊ.

मग झ्वाँव्हिल त्यांच्या गलबतावर गेला. खजिनदाराने किल्ल्या द्यायला नकार दिला. आजाराने हा इतका खंगलेला की खजिनदाराला हा कोण तेच कळेना. समोर एक कुऱ्हाड पडली होती, ती त्याने उचलली आणि सांगितलं की हीच आता राजाची किल्ली. मार्शलने ते पाहिलं, हात धरला आणि किल्ल्या द्यायला लावल्या.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त आवडते. मोजणी संपल्यावर राजाचा एक माणूस, फिलिप द नमूर, लुईला कौतुकाने सांगायला लागला की तोलताना आम्ही समोरच्यांना 10,000 लिव्रना फसवलं. लुई भडकला. झ्वाँव्हिलने नमूरच्या पायावर पाय दिला आणि राजाला म्हणाला, महाराज याचं ऐकू नका, ते लोक तोलण्यात जगात सगळ्यात पक्के आहेत, यांना फसवता येतंय होय! नमूरही म्हणाला हो हो, थट्टा केली. पण लुईने ऐकलं नाही, असली थट्टा नको, आणि कमी दिले असतील तर एकूणएक भरा असा हुकूम. शत्रूला, तेही ज्याने आपल्याला कैदेत टाकलं त्या शत्रूला, दिलेला शब्द. पुढे 1298 मध्ये, संत म्हणून जाहीर झालेल्या लुईचे अवशेष बाहेर काढण्याचा सोहळा झाला तेव्हा प्रवचनकाराने हीच गोष्ट सांगितली आणि म्हणाला की मी खोटं सांगत नाही, ज्याने शपथेवर ही साक्ष दिली तो माणूस इथे समोर बसलाय.

प्रश्न : 'सल्लागार' म्हणता, पण त्याने दिलेला एखादा सल्ला सांगा ना ज्याने खरंच काही बदललं.

एक नाही, दोन सांगतो.

पहिला आक्रचा, 1250 चा उन्हाळा. सुटका झाल्यावर राजाने सरदारांना विचारलं, आईचा निरोप आलाय की राज्य धोक्यात आहे, परत जाऊ की थांबू? राजाचे भाऊ, मोठमोठे सरदार, सगळ्यांचं एकच, परत चला. झ्वाँव्हिलची पाळी चौदावी. त्याआधी फक्त जाफाचा काउंट थांबा म्हणाला होता, आणि त्याचे किल्ले तिथेच असल्यामुळे त्याला ते म्हणणं अवघडही वाटत होतं. झ्वाँव्हिल म्हणाला, थांबा. पोपचा प्रतिनिधी चिडून म्हणाला की इतक्या थोड्या माणसांवर राजाने कसं थांबायचं? त्यावर याचं उत्तर असं की लोक म्हणतात राजाने अजून स्वतःचा पैसा खर्चच केलेला नाही, सगळा चर्चचा वापरलाय, तर आता स्वतःचा काढू दे, पैसा दिला की नाइट चारी बाजूंनी येतील, आणि राजा थांबला तर आपली जी गरीब माणसं अजून कैदेत आहेत ती सुटतील, तो गेला तर ती कधीच सुटणार नाहीत. तिथे बसलेल्या जवळपास प्रत्येकाचं कुणी ना कुणी कैदेत होतं, सगळे रडायला लागले.

बैठक उठल्यावर मोठ्या लोकांनी त्याला फैलावर घेतलं. जेवताना राजा शेजारी बसवूनही एक शब्द बोलला नाही, हा समजला की आपल्यावर रागावलाय. जेवणानंतर हा एका खिडकीशी जाऊन गजांतून हात बाहेर टाकून उभा राहिला, मनात चाललेलं की राजा गेला तर आपण अँटिओकच्या राजकुमाराकडे जाऊ, नातेवाईक आहे. तेवढ्यात मागून कुणीतरी येऊन डोक्यावर दोन्ही हात ठेवले. याला वाटलं फिलिप द नमूर, दिवसभर डोकं खाल्लं होतं त्याने, म्हणून हा म्हणाला सोडा हो मला जरा. आणि मान वळवताना तो हात तोंडावरून घसरला आणि बोटातला पाचू दिसला. राजा होता. लुईने विचारलं, एवढे मोठे लोक एका बाजूला असताना तू पोरगेला माणूस मला थांबा म्हणायचं धाडस कसं करतोस? हा म्हणाला, जाणं वाईट आहे असं मला वाटत असेल तर जा असा सल्ला मी कसा देणार. मग, मी थांबलो तर तू थांबशील? हो, जमेल तोवर. तर निर्धास्त राहा, पण आठवडाभर कुणाला बोलू नकोस. आणि लुई खरोखरच 1254 पर्यंत तिथे राहिला.

दुसरा सल्ला परतीच्या वाटेवरचा. 1254 मध्ये येर बंदरात उतरल्यावर क्लुनीच्या मठाधिपतीने राजाला आणि राणीला एकेक उत्तम घोडा भेट दिला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची कामं घेऊन आला. राजाने त्याचं फार वेळ, फार शांतपणे ऐकून घेतलं. तो गेल्यावर झ्वाँव्हिलने सरळ विचारलं, कालचे दोन घोडे मिळाले म्हणून आज त्याचं इतकं ऐकलंत का? लुईने बराच विचार केला आणि म्हणाला, हो, खरं आहे. मग हा म्हणाला, तर फ्रान्सला गेल्यावर आपल्या शपथबद्ध सल्लागारांना मनाई करा की ज्यांची कामं समोर आहेत त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. राजाने लगेच सल्लागारांना बोलावून हे ऐकवलं, आणि ते म्हणाले सल्ला चांगला आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये लुईचा मोठा सुधारणा-हुकूमनामा निघाला, त्यात अधिकाऱ्यांना भेटी घ्यायला बंदी आहे, फार तर फळं, पाव, दारू असलं काही, तेही 10 सूच्या, म्हणजे अर्ध्या लिव्रच्या, आतलं. हुकूमनामा एकट्या झ्वाँव्हिलमुळे निघाला असं मी म्हणणार नाही, लुईने 1247 पासूनच अधिकाऱ्यांच्या तक्रारींची चौकशी लावली होती, पण राजाला त्याचा स्वतःचा कल दाखवून देणारा माणूस शेजारी होता हे छोटं नाही.

प्रश्न : राजाला राग यायचा नाही का अशा बोलण्याचा?

यायचा की! लुई संत असला तरी तापट होता. म्हणून सीझेरियाला (पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचंच दुसरं गाव) चाकरीचा करार वाढवायची वेळ आली आणि राजाने विचारलं काय घेशील, तर याने पैसे मागितलेच नाहीत. म्हणाला, तुमच्याकडे काही मागितलं की तुम्ही चिडता, तर करार असा करू, वर्षभर मी काहीही मागितलं तरी तुम्ही चिडायचं नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी चिडणार नाही. राजा खो खो हसला आणि हात धरून सगळ्यांसमोर नेऊन हा करार वाचून दाखवला.

प्रश्न : राणी मार्गरीतबद्दल तो काय सांगतो? इतिहासात तिचं नाव फारसं येत नाही.

फार सांगतो आणि फार आदराने सांगतो. राजा कैद झाल्याची बातमी दमिएत्तात तिला बाळंत व्हायच्या तीन दिवस आधी कळली. तिच्या खोलीत 80 वर्षांचा एक म्हातारा नाइट झोपायचा, ती दचकून ओरडली की तो हात धरायचा. तिने त्याच्याकडून वचन घेतलं की शहर पडलं तर मी पकडली जाण्याआधी माझं डोकं उडव, आणि तो म्हणाला, मी तेच ठरवलं होतं. मूल झालं त्याच दिवशी कळलं की पिसा आणि जिनोआचे लोक शहर सोडून पळायच्या बेतात आहेत, तर तिने बाळंतिणीच्या खाटेवरून त्यांना बोलावलं, शहरातलं सगळं अन्न विकत घ्यायला लावलं आणि आजपासून तुम्ही राजाच्या खर्चाने जेवा म्हणून थांबवलं. दमिएत्ता हातातून गेलं असतं तर राजाच्या सुटकेसाठी द्यायला काही उरलं नसतं. माझ्या दृष्टीने त्या मोहिमेतला सगळ्यात थंड डोक्याचा निर्णय हाच.

आणि झ्वाँव्हिल इथेही राजाला सोडत नाही. तो लिहून ठेवतो की पाच वर्षं मी राजाजवळ होतो, त्याने बायको-मुलांचा विषय माझ्याकडे कधी काढला नाही, आणि आपल्या माणसांशी असं परक्यासारखं वागणं मला काही बरं वाटलं नाही.

प्रश्न : मग लुईच्या 1270 च्या दुसऱ्या क्रूसेडला तो का गेला नाही? घाबरला?

घाबरणारा माणूस नव्हता तो. लुईने आणि शाँपेनच्या काउंटने, जो तेव्हा नव्हारचा राजाही होता, दोघांनी फार आग्रह केला. याचं उत्तर असं, मागच्या वेळी मी समुद्रापार असताना तुमच्या दोघांच्या अधिकाऱ्यांनी माझ्या रयतेला नागवलं, ती अजून सावरली नाही, देवाच्या मनासारखं करायचं तर मी इथे राहून माझ्या लोकांचं रक्षण करावं. आणि ज्यांनी राजाला जायचा सल्ला दिला त्यांनी महापाप केलं असंही तो स्पष्ट म्हणतो, कारण लुई तेव्हा इतका अशक्त होता की निरोप घ्यायला गेलो तर मी त्याला हातांवर उचलून नेलं. 25 ऑगस्ट 1270 ला ट्यूनिसजवळ लुई वारला.

प्रश्न : इतक्या वर्षांनी लिहिलेल्या आठवणींवर विश्वास किती ठेवायचा?

पुस्तक 1309 मध्ये पुरं झालं, लुईचा नातू राजा चौथा फिलिप याची राणी झान हिच्या सांगण्यावरून, पण ती 1305 मध्येच वारली म्हणून ते तिच्या मुलाला अर्पण केलं. म्हणजे इजिप्तनंतर जवळपास साठ वर्षांनी, ऐंशी ओलांडलेल्या माणसाने सांगून लिहून घेतलेलं. आकडे, तारखा, लढाईतल्या हालचाली यात घोळ असणारच आणि ते दुसऱ्या साधनांशी ताडूनच घ्यावेत. पण काही गोष्टी त्याच्या बाजूने आहेत. 1282 मध्ये साँ-द्नीला लुईच्या संतपदाच्या चौकशीत त्याने दोन दिवस शपथेवर साक्ष दिली होती, म्हणजे आठवणी आधी एकदा नीट लावल्या गेल्या होत्या. दुसरं, मी स्वतः काय पाहिलं आणि दुसरीकडून काय घेतलं हे तो शेवटी वेगळं सांगतो. आणि स्वतःला तो चांगला दाखवत नाही. लुईने एकदा विचारलं, कुष्ठरोग पत्करशील की एक महापाप? हा म्हणाला, तीस पापं करीन पण कुष्ठरोग नको. राजाने दुसऱ्या दिवशी त्याबद्दल सुनावलं, तेही त्याने लिहिलंय. ज्याला आपली प्रतिमा घडवायची असते तो असलं ठेवत नाही.

प्रश्न : त्याचा किल्ला आज बघायला मिळतो का?

नाही. क्रांतीच्या काळात तो पाडला गेला. गावात ग्राँ जार्दाँ नावाचा वाडा आहे, पण तो सोळाव्या शतकातला, गीझ घराण्याने बांधलेला.

प्रश्न : लुईच्या नंतरच्या राजांशी त्याचं कसं होतं?

थंडच. चौथ्या फिलिपला तर पुस्तकातच इशारा दिलाय की देवाने आत्ताच्या राजाला मोठ्या संकटातून वाचवलंय, त्याने आता तरी सुधारावं. 1314 मध्ये त्याच फिलिपच्या करांविरुद्ध शाँपेनच्या सरदारांनी संघ केला त्यात नव्वदीचा झ्वाँव्हिल होता. फिलिप त्याच वर्षी वारला, दहावा लुई गादीवर आला आणि 1315 मध्ये त्याने फ्लँडर्सच्या मोहिमेसाठी बोलावणं धाडलं. झ्वाँव्हिलने पत्राने कळवलं की माणसं तयार करतोय, येतो, आणि पत्राच्या शेवटी एक वाक्य घातलं की सुरुवातीला मी तुम्हाला नुसतं 'भले स्वामी' म्हटलंय त्याचा राग मानू नका, तुमच्या आधीच्या राजांनाही मी तसंच म्हणत आलोय. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर 1317 मध्ये, तो वारला.